चौकशीला आलेला माणूस

आमच्या गावात कुणी परका माणूस माझ्या वडिलांचं नाव विचारत आला, तर ते नाव गावात कुणालाच माहीत नसे. पारावर बसलेल्यांना नसे, किराणा दुकानदाराला नसे, आणि ज्यांच्या मांडीला मांडी लावून वडील पहिलीत बसले त्यांनाही नसे. कुरिअरवाली पोरं फाट्यावरूनच मला फोन करत, "ताई, तुमचं गाव काय पत्ता लागू देत नाही. तुम्हीच या." मग मी सायकल काढून फाट्यावर जायचे.

यात वैर नव्हतं, उलट माया होती. विट्याच्या आसपासच्या गावांत घरटी एखादा तरी माणूस गलाईच्या धंद्यात असतो. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवायचं, त्यातली भेसळ काढायची आणि ते शुद्ध करून द्यायचं. त्यासाठी आमची माणसं कुठल्या कुठल्या मुलखात जाऊन आठ बाय दहाच्या दुकानात भट्टीपुढं बसतात, आणि इकडं गावात त्यांचे बंगले उभे राहतात. बंगल्यात राहतं कोण, तर बायका, म्हातारी माणसं आणि कुलपं. अशा गावात चौकशी करत आलेला माणूस चोर असू शकतो, खंडणी मागणारा असू शकतो, नाहीतर कुठल्या तरी भानगडीत आपल्या माणसाला गोवायला आलेला असू शकतो. म्हणून गावाची रीत एकच. गलाईवाल्याचं नाव घेतलं, की म्हणायचं माहीत नाही. असा ठराव कुणी केला नव्हता. सगळ्यांना ते आपोआप येत होतं. मीसुद्धा सात-आठ वर्षांची असल्यापासून कैक लोकांना बिनदिक्कत वाटेला लावलं आहे.

पप्पांचं दुकान तमिळनाडूत होतं. जत्रेला आणि दिवाळीला ते घरी यायचे, बाकी वर्षभर फोनवर. मी आठवीत असताना एकदा त्यांनी मला एका जुन्या कर्णफुलाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "हे उद्या भट्टीत जाणार. आज बघून घे." मी ते वहीत काढून ठेवलं. मग तो आमचा दोघांचा छंदच झाला. वितळायला आलेला एखादा सुंदर डाग, म्हणजे दागिना, दिसला, की ते फोटो पाठवायचे आणि मी पेन्सिल घेऊन बसायचे. बारावीपर्यंत माझ्या चार वह्या भरल्या. त्यातला एकही दागिना आता जगात नाही.

तेव्हा दागिन्यांचं डिझाइन शिकायचं हे माझं कधी ठरलं, ते मला सांगता येणार नाही. पुण्याच्या एका खासगी संस्थेत चार वर्षांचा कोर्स होता. मी परीक्षा दिली, मुलाखतीला वह्या घेऊन गेले आणि नंबर लागला. फी ऐकून मात्र आईनं पदर तोंडाला लावला. पप्पांचा धंदा बरा होता, पण वर्षभरापूर्वीच दुकानाची जागा घेतलेली. हातात खुळखुळणारं काही नव्हतं.

विट्यातल्या एका बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून कागद पाहिला आणि म्हणाले, "हा कोर्स आमच्या यादीत बसत नाही. इंजिनिअरिंगला घाल पोरीला, लगेच करून देतो." मी म्हटलं, "मला दागिन्यांचं शिकायचंय." ते म्हणाले, "दागिने काय, लग्नात मिळतीलच की." आईनं माझा हात दाबला म्हणून, नाहीतर मी त्यांच्या टेबलावरची काच फोडली असती. मी तेव्हाही तापट होते. आता म्हणे थोडी कमी आहे. घरचे लोक याला दुजोरा देत नाहीत.

मग एका मैत्रिणीच्या भावानं खासगी कंपनीचं सांगितलं. शिक्षणासाठी कर्ज देणारी, सगळा अर्ज मोबाईलवर. व्याज जास्त, पण कोर्सची यादी लांबलचक, त्यात माझा कोर्स होता. मी अर्जदार, पप्पा सहअर्जदार. पप्पांची इन्कम टॅक्सची कागदं, दुकानाचं लायसन्स, घराचं लाइट बिल, माझ्या मार्कशीट. मी चार दिवस विट्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात मुक्कामालाच होते. अर्जाच्या शेवटी बारीक अक्षरात पानंच्या पानं मजकूर होता आणि प्रत्येक पानाखाली "मान्य आहे" असा चौकोन. मी सगळे चौकोन धडाधड टिचकावले. त्यातच कुठंतरी लिहिलेलं होतं, की कंपनीचा माणूस घरी येऊन पत्त्याची खात्री करेल आणि शेजाऱ्यांकडं चौकशी करेल. ते मी वाचलं नाही. हे माझं चुकलं, आणि नंतर ज्यांच्यावर मी तोंडसुख घेतलं त्यांच्यापेक्षा जास्त चुकलं.

दुसरी चूक आम्ही जाणूनबुजून केली. कर्जाचं कुणालाही सांगितलं नाही. गलाईच्या धंद्यात कागद कमी आणि शब्द जास्त. सराफ पुडीत बांधलेलं सोनं पप्पांच्या हातात ठेवतो आणि निघून जातो. अशा माणसाच्या घरानं पोरीच्या शिक्षणाला कर्ज काढलं, हे सकाळी आमच्या पारावर फुटलं, तर दुपारच्या जेवणापर्यंत तमिळनाडूत पोचतं. कारण तिथंही चार दुकानं सोडून आमच्याच गावची माणसं बसलेली. लोक म्हणणार, धंदा बसला वाटतं. आणि असं म्हटलं गेलं, की धंदा खरंच बसतो.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," आई म्हणाली. "कुणाला सांगू नगंस. नानांनाबी न्हाई."

नाना आमचे शेजारी. सैन्यातून सुभेदार होऊन आलेले, बायको वारलेली, मुलगा गलाईत आणि सून-नातवंडं त्याच्याबरोबर गुजरातेत. आमच्या दोन घरांमध्ये कंपाउंडची भिंत होती, पण त्या भिंतीत नानांनी स्वतःच्या हातानं एक फट पाडून घेतली होती, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणं, रस्त्यावरून वळसा घालून येईस्तोवर आईनं दिलेली भाकरी गार होते. मला सायकल त्यांनी शिकवली, पोहायलाही त्यांनीच. पप्पा वर्षातून दोनदा यायचे, नाना दिवसातून चारदा. शाळेत वडिलांची सही लागली तर नाना करायचे, पण स्वतःच्या नावानं करायचे आणि कंसात लिहायचे "शेजारी". बाई मला उभं करून हसायच्या. दुसऱ्याच्या नावानं सही करणं म्हणजे खोटेपणा, हे त्यांचं मत.

त्यांच्या खरेपणाला गाव वैतागलेलं होतं. एकदा त्यांचा लाइटचा मीटर बंद पडला आणि बिल कमी यायला लागलं. दुसरा कुणी असता तर देवाला नारळ फोडला असता. नानांनी तीन वेळा विट्याला खेटे घालून मीटर बदलून घेतला. ग्रामसभेत कुणी काही ठोकून दिलं, की नाना मागून म्हणायचे, "आसं न्हाई ते." म्हणून ग्रामसभेची वेळ त्यांना मुद्दाम उशिराची सांगत. परका कुणी चौकशीला आला, की खोटं बोलायला नको म्हणून नाना घरात निघून जात.

तर अशा नानांच्या दाराशी कंपनीचा तो माणूस आला. आम्ही घरी नव्हतो. आई शेतात भांगलायला गेलेली, मी विट्याला. आम्हाला त्याचा पत्ताही नाही. दोन दिवसांनी मोबाईलवर मेसेज आला, की तुमचा अर्ज पुढं नेता येत नाही. कारण वगैरे काही नाही. फीचा पहिला हप्ता भरायला तेव्हा बरोबर सहा दिवस उरले होते. हप्ता भरला नाही तर माझी जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती.

मी सांगलीच्या शाखेला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, "तुमचा पत्ता खोटा निघालाय. आमचा माणूस परवा मोटरसायकलवर येऊन गेला, गळ्यात कार्ड घालून. शेजारी म्हणाले, या नावाचं कुटुंब इथं राहत नाही. तुमच्या वडिलांना फोन केला, त्यांनी राँग नंबर म्हणून ठेवून दिला. आणि त्या घरात मुलगीच नाही, असंही लिहिलंय."

पप्पांना विचारलं. ते म्हणाले, "व्हय, आलता एक फोन. 'तुमचं मूळ गाव कुठलं,' असं विचारायला लागला. गावाचं नाव परक्याला सांगतंय का कुणी? दिला ठेवून." अर्ज केलेला माणूसच असं बोलतोय म्हटल्यावर मी कपाळावर हात मारला. पण पप्पा पडले हजार किलोमीटरवर. त्यांच्यावर ओरडून समाधान होत नाही. मुलगी नाही म्हणणारे शेजारी मात्र भिंतीपलीकडं होते.

मी फटीतून गेले. नाना ओट्यावर आरसा ठेवून दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण.

"नाना, परवा मोटरसायकलवर एक माणूस आलता का? गळ्यात कार्ड अडकवलेला?"

"आलता की." नाना खूश होते. "लावला वाटंला."

"काय सांगितलं तुमी त्याला?"

"सांगायचं तेच. म्हनलं, आसं कोण ऱ्हात न्हाई हितं. त्यो म्हनतुया, मोबाईल हाच पत्ता दावतुया. म्हनलं, तुझा मोबाईल चुकला आसंल. तर गडी हलंना. मग तुझं नाव घ्याया लागला. पोरगी काय करती, कुठं शिकती, घरी कवा आसती. तवा मात्र माझं टकुरं फिरलं. म्हनलं, त्या घरात पोरगीच न्हाई. चल, नीघ."

त्यांनी वस्तरा गालावर नेला आणि शाबासकीची वाट पाहिली. खोटं न बोलणारा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला होता, आणि चांगलं बोलला होता. हे मला आज कळतं. त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तुमच्यामुळं माझं कॉलेज गेलं, असं म्हटलं. आमच्या घराची राखण करायला तुम्हाला कुणी नेमलंय, असं म्हटलं. मिलिटरी संपली तरी तुमचा पहारा संपत नाही, असंही म्हटलं. आणि या भरात, जे सांगायचं नव्हतं ते सगळं सांगून बसले. कर्ज, कंपनी, सहा दिवस, सगळं.

नानांनी वस्तरा खाली ठेवला. साबण तसाच गालावर. मग उठून त्यांनी आधी बाहेरचा दरवाजा लावून घेतला, रस्त्यावर कुणी आहे का ते पाहून. परत येऊन म्हणाले, "हळू बोल. बापाच्या धंद्याचं हाय हे." मी त्यांना इतकं बोलले होते आणि त्यांना काळजी पप्पांच्या नावाची. मला लाज वाटली, पण माफी मागायची सवय नव्हती. तशीच घरी येऊन पालथी पडून रडले.

तासाभरानं नाना फटीतून आले. दाढी पूर्ण झालेली, केस विंचरलेले. आईला म्हणाले, "त्या कंपनीला इचार, मी यिऊन सांगितलं तर चालंल का."

मी पुन्हा फोन लावला. बाई आधी नाहीच म्हणाल्या. मग कुणाला तरी विचारून म्हणाल्या, ज्या शेजाऱ्यानं माहिती दिली तोच शाखेत येऊन लेखी देत असेल, की आपण चुकीची माहिती दिली, तर पुन्हा माणूस पाठवता येईल. मी नानांकडं पाहिलं. चुकीची माहिती दिली म्हणजे काय, तर खोटं बोललो. ते त्यांना स्वतःच्या हातानं लिहून सही करावी लागणार होती.

"उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ," नाना म्हणाले.

सकाळी फाट्यावर पाहते तर नाना ब्लेझर घालून उभे. ऊन असं, की डांबर चिकटत होतं, आणि यांच्या अंगात निळा ब्लेझर, छातीवर मेडल. काखेत पेन्शनची फाइल. गाडीत ओळखीचे तिघं-चौघं निघालेच. एकानं विचारलं, "नाना, कुठं सवारी?"

नाना म्हणाले, "सांगलीला, कँटीनला. सामान आणायचंय."

मिलिटरीच्या कँटीनला ब्लेझर घालून कोण जातं? पण विचारणाऱ्यानं मान डोलावली. तासगाव मागं पडलं. मग नाना माझ्याकडं वाकून म्हणाले, "काम झाल्यावर कँटीनला जायचं बरं का. म्हंजी ते तरी खोटं ठरायचं न्हाई."

कंपनीची शाखा एका मोबाईलच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होती. काचेचा दरवाजा, आत गारठा. फोनवरच्या बाई माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनीच मोठ्या निघाल्या. त्यांनी खुर्ची दाखवली, "आजोबा, बसा." नाना बसले नाहीत. टाचा जुळवून उभे राहिले आणि म्हणाले, "मी तुमच्या माणसाशी खोटं बोललो. लिवून घ्या."

बाई गोंधळल्या. "का पण?"

नाना माझ्याकडं बघायला लागले. गावाची रीत बाहेरच्या माणसाला सांगणं म्हणजे रीत मोडणंच. ते त्यांच्या जिवावर आलं. मग मीच सांगितलं, बंगले, कुलपं, कुरिअर, सगळं. बाईंना हसू आवरेना. त्या दुष्काळी जतकडच्या होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडं उलटं आहे. कुणी नवीन माणूस आला तर चार जण घर दाखवायला बरोबर जातात. टँकरवाल्याला घर नाही सापडलं तर आमचं पाणी गेलं ना!"

पण हसून झाल्यावर त्या खुर्चीत सरळ बसल्या. काम त्यांचं होतं आणि त्या ते नीट करत होत्या, हे मला मान्य करावं लागेल. म्हणाल्या, "आजोबा, राग मानू नका. त्या दिवशी तुम्ही खोटं बोललात असं म्हणताय. मग आज खरं बोलताय, हे मी कशावरून धरायचं? माझ्या साहेबांनी विचारलं तर मी काय सांगू?"

आयुष्यभर ज्या माणसाचा शब्द गाव डोळे मिटून घेत होतं, त्याला कुणी तोंडावर विचारत होतं, की तुमच्यावर विश्वास का ठेवायचा. आणि ही वेळ त्यांच्यावर माझ्यामुळं आली होती. मी त्यांच्या ब्लेझरची बाही धरली. म्हटलं, "नाना, चला. नको मला." खरंच नको वाटलं त्या क्षणी.

नानांनी बाही सोडवून घेतली. फाइल टेबलावर ठेवली आणि सावकाश म्हणाले, "ताई, त्या दिवशी तिच्यासाठीच बोललो. आजबी तिच्यासाठीच बोलतोय. खरं कंचं आन खोटं कंचं, ते तुमी येऊन बघा. पोरगी म्हंजी ही. मी हिला चालायला लागल्यापासनं बघतोय. हिच्या बापानं कुणाचा गुंजभर माल ठेवून घेतलेला न्हाई. आन समजा हिनं पैसं बुडीवलं, तर माझी पेन्शन हाय. ही फाइल. तेबी लिवून घ्या."

बाईंनी फाइल उघडली नाही, हलकेच परत सरकवली. एक कोरा कागद पुढं ठेवला. नानांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं. "मी चुकीची माहिती दिली" असा मजकूर बाईंनी सांगितला. नानांनी लिहिलं, "मी खोटे बोललो." खाली सही केली, हुद्दा लिहिला, आर्मी नंबर लिहिला. काचेच्या दारातून बाहेर पडताना त्यांनी आत वळून बाईंना कडक सॅल्यूट ठोकला. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

आम्ही कँटीनला गेलो. साबणाच्या वड्या, चहापत्ती आणि एक प्रेशर कुकर घेतला. कुकर कशाला, घरात दोन आहेत, तर म्हणाले, पुण्यात खोलीवर लागंल. कर्ज मिळेल की नाही याचा पत्ता नव्हता आणि माझा कुकर घेऊन झाला होता.

दुसऱ्या दिवशी तोच मोटरसायकलवाला पुन्हा आला. या वेळी नाना सकाळपासून फाट्यावर खुर्ची टाकून बसले होते. त्याला पुढं घालून घरापर्यंत आणलं. पारावरच्यांचे कान टवकारले, तेव्हा नानांनी बेधडक सांगून टाकलं, "माझ्या पोराचा दोस्त हाय." साऱ्या जन्मात एक खोटं न बोललेला माणूस, आठवडाभरात दोन झाली, आणि कँटीनचं अर्धं धरलं तर अडीच.

त्या माणसाला फक्त दोन ओळी हव्या होत्या, नाव आणि किती वर्षांपासून राहतात. नानांनी त्याला पाऊण तास बसवून घेतलं. मला पाचवीत कावीळ झाली होती, हे सांगितलं. दहावीचे मार्क विषयवार सांगितले. मी तापट आहे, पण मनात काही ठेवत नाही, हेही सांगितलं. माझ्या चारही वह्या आणून त्याच्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणाले, "बघ. आता म्हन, त्या घरात पोरगी न्हाई." तो बिचारा घाम पुसत म्हणाला, "आजोबा, मी कुठं म्हणालो? तुम्हीच म्हणाला होता." आई दाराआड तोंडात पदर कोंबून हसत होती. त्यानं चहा घेतला, घराचा फोटो काढला आणि पप्पांना फोन लावला. या खेपेला पप्पांनी राँग नंबर म्हटलं नाही. उलट स्वतःचं गाव इतक्या मोठ्यानं सांगितलं, की फोन कानापासून लांब धरावा लागला.

मंजुरीचा मेसेज हप्त्याच्या आदल्या दिवशी दुपारी आला. मी तो आधी आईला दाखवला, मग पप्पांना पाठवला, आणि फटीतून पळत नानांकडं गेले. ते झोपाळ्यावर पडले होते. मेसेज इंग्रजीत होता. मी वाचून दाखवला, त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग "बेस्ट झालं" म्हणाले आणि उठून देवापुढं साखर ठेवली. इतकंच. मला वाटलं होतं, ते नाचतील.

जायच्या दिवशी सकाळी नाना आले नाहीत. एवढी वर्षं दिवसातून चार खेपा करणारा माणूस, आणि त्या दिवशी चहालाही नाही. आई म्हणाली, जाऊन पाया पडून ये. मी बॅग घेऊनच गेले, कारण तिथूनच फाट्यावर जायचं होतं. नाना ओट्यावर बसलेले होते. मी पाया पडले. त्या दिवशी बोलले त्याची माफी अजून मागितली नव्हती, ती मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"तसं न्हाई ते," म्हणाले. "तू बोललीस त्याचं काय न्हाई. पर एक सांगू का? त्या माणसाला 'त्या घरात पोरगी न्हाई' म्हनालो ना, ते म्हनताना मला काय वाटलं न्हाई. काल तुझी बॅग भरल्याली बघितली, तवा वाटलं. आता कुणी इचारत आला, तर तेच सांगाया लागंल. आन ते खरं आसंल."

हसायचा प्रयत्न केला त्यांनी, पण जमलं नाही. हनुवटी हलायला लागली, तसं तोंड फिरवून रस्त्याकडं बघत बसले. मला जायचं होतं, मनापासून जायचं होतं. त्यासाठी मी भांडले होते, रडले होते, या माणसाला खाली मान घालायला लावली होती. आणि मला जाता यावं म्हणून, स्वतःच्या सही-शिक्क्यानं, ज्यांना मी जाऊ नये असं वाटत होतं त्यांनीच मला पाठवलं होतं. हे मला त्या ओट्यावर उभी असताना कळलं, त्याआधी नाही.

फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला. आई पलीकडून हाक मारत होती. मी बॅग खाली ठेवली आणि नानांच्या शेजारी बसले. ती गाडी गेली. पुढची तासाभरानं होती, तोवर आम्ही दोघं तिथंच बसलो होतो.